कुलाब्याहून अलिबागेस

वाचकहो, हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा बाहेर फटाके वाजत असतील. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, आणि तेव्हापासून फराळ, फटाके आणि अंक या तिन्ही गोष्टी मराठी माणसाने एकाच ताटात वाढून घेतल्या. मीही ते ताट साठ वर्षे आनंदाने जेवलो. गेली चार वर्षे मात्र दिवाळीत आमच्या बदलापूरच्या घराच्या खिडक्या बंद असतात, फटींना जुनी धोतरे कोंबलेली असतात, आणि आमचा सात वर्षांचा नातू कपाटाच्या आडोशाला कान दाबून बसलेला असतो.

नातवाच्या कानांत दोष नाही. दोन खोल्यांपलीकडे कोणी लाडवाचा डबा उघडला तर त्याला ऐकू येते. अडचण ऐकू न येण्याची नसून फार येण्याची आहे. कुकरची शिट्टी, मिक्सर, रिक्षाचा भोंगा, नव्या सदऱ्याच्या मानेवरची चिठ्ठी, उदबत्तीचा वास, यांतले काहीही त्याला आपल्याला पोळावे तसे पोळते. लिओ कॅनर या डॉक्टरने १९४३ साली अकरा मुलांवर निबंध लिहून 'ऑटिझम' म्हणजे स्वमग्नता या अवस्थेची ओळख करून दिली. यांतली काही मुले वाहत्या नळाला, यांत्रिक खेळण्याला, एखादे वेळी नुसत्या वाऱ्यालाही भेदरतात, हे त्याने तेव्हाच टिपून ठेवले होते. शिवाय, तेच मूल स्वतः तेवढाच मोठा आवाज मजेत करते, हेही त्याच्या नजरेतून सुटले नाही. म्हणजे भीती नुसत्या आवाजाची नव्हे. न विचारता अंगावर चालून येणाऱ्या आवाजाची. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्कांच्या कायद्यात स्वमग्नतेला स्थान मिळाले. शेजाऱ्यांच्या बोलण्यात मात्र अजून एकच निदान आहे : "लाडावलाय."

आता आमच्या गावांविषयी दोन शब्द. कल्याणहून कर्जतकडे निघालेल्या लोहमार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन गावे ओळीने लागतात, आणि शांततेची कीर्ती तिघांपैकी एकालाही नाही. उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना तिच्या बराकींत जागा मिळाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते वसाहतीचे नाव उल्हासनगर झाले. नेसत्या वस्त्रांनिशी आलेल्या त्या माणसांनी शिलाईयंत्रे फिरवून, पत्रे ठोकून घरे उभी केली. त्या खडखडाटाला मी नावे कोणत्या तोंडाने ठेवू? तो त्यांच्या भाकरीचा आवाज होता. अंबरनाथला काडेपेट्यांचा कारखाना आला, सरकारी शस्त्रास्त्रांचा कारखाना आला, मागाहून औद्योगिक वसाहत आली. बदलापूर मागे राहिले होते, पण मुंबईत घर न परवडणाऱ्या माणसांनी, म्हणजे आमच्यासारख्यांनीच, तेही भरून काढले.

तरी या पट्ट्यात शांततेची एक जागा आहे, आणि ती नातवानेच मला दाखवली. अंबरनाथचे शिवालय शके ९८२ चे, म्हणजे इ. स. १०६० चे, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातले. मी इतिहासाचा मास्तर. तीस वर्षे मुलांना तेथे नेऊन भिंतींवरची शिल्पे दाखवली. पण तेथला गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून जावे लागते, आणि उतरता उतरता बाहेरचा गलका एकेका पायरीबरोबर कमी होतो, हे मला कधी जाणवले नव्हते. एका मंगळवारी सकाळी गर्दी नसताना नातवाला घेऊन गेलो. तो खाली उतरला आणि त्याने कानांवरचे हात काढले. महाशिवरात्रीच्या यात्रेत त्याच पायऱ्यांवर त्याला उभे राहवणार नाही. त्या दिवशी एक गोष्ट उमगली. शांत जागा म्हणून वेगळी जात नसते. जागा, तिची बांधणी आणि तिची वेळ यांचा तो मेळ असतो.

हे उमगले ते एका फजितीनंतर. त्याच्या आदल्या मे महिन्यात आम्ही सगळे हौसेने समुद्रावर गेलो होतो. किनाऱ्याचे नाव सांगत नाही. त्याचा काही अपराध नव्हता. रविवार होता. पाण्यात मोटारी लावलेल्या होड्या घोंगावत होत्या, वाळूत घोडागाड्या धावत होत्या, आणि राहत्या जागी कोणाच्या तरी लग्नाचा ध्वनिक्षेपक रात्री बारापर्यंत चालू होता. नातू वाळूत आडवा पडला आणि किंचाळत राहिला. भोवती माणसे जमली. एका गृहस्थांनी आमच्या सुनेला मूल कसे वाढवावे याचे धडे दिले. परतीच्या वाटेवर ती एवढेच म्हणाली, "बाबा, आता आम्ही कुठेच यायचं नाही." पुढे आठ महिने ती लग्नामुंजीलाही गेली नाही. मुलाबरोबर आईही घरात कोंडली गेली, याचा सल मला अधिक होता.

इतिहासाच्या माणसाला अडचण आली की तो जुन्या कागदांत शिरतो. मीही शिरलो. समुद्राच्या हवेने प्रकृती सुधारते ही कल्पना युरोपात अठराव्या शतकात बळावली. रिचर्ड रसेल या इंग्रज डॉक्टरने १७५० साली समुद्राच्या पाण्याच्या उपयोगावर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला आणि श्रीमंत लोक ब्रायटनला धावू लागले. मार्गेटला १७९१ साली गरीब रुग्णांसाठी समुद्रस्नानाचे रुग्णालय स्थापन झाले. आपल्याकडे 'हवापालट' हा शब्द तर घरोघर होता. पण या सगळ्या खटाटोपात हवा पाहिली, पाणी पाहिले. कानाला काय सोसते, याचा विचार कोठे दिसेना. तो सापडला भलत्याच ठिकाणी, आणि तोही माणसासाठी नव्हे, लोहचुंबकासाठी केलेला.

मुंबईच्या कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली वेधशाळा उभारली. तारे पाहावेत आणि जहाजांना अचूक वेळ द्यावी, हा तिचा पहिला हेतू. १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाचे मापन सुरू झाले. केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे पुढे लोकमान्य टिळकांचे गुरू झालेले केरूनाना, यांनी तरुणपणी या वेधशाळेत काम केले. त्यांचा जन्म अलिबागजवळच्या नागावचा, १८२५ चा. अलिबागचा माणूस कुलाब्याला गेला. पुढे कुलाब्याची वेधशाळाच अलिबागेस आली, हा योगायोग नमूद करून ठेवण्याजोगा आहे.

चुंबकसूची किती हळवी असते, याची साक्ष २ सप्टेंबर १८५९ च्या नोंदींत आहे. त्या दिवशी सूर्यावरच्या उत्पातामुळे पृथ्वीवर चुंबकीय वादळ आले. युरोप-अमेरिकेत तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या. कुलाब्याच्या यंत्राने त्या वादळाची जी घसरण टिपली, तिचा आधार घेऊन २००३ साली शास्त्रज्ञांनी त्याचा जोर नव्याने ठरवला. मुंबईतल्या रस्त्यावरच्या माणसाला त्या दिवशी काहीच जाणवले नसेल. यंत्राला जाणवले. त्याला कोणी लाडावलेले म्हटले नाही.

पुढे विसावे शतक उजाडले. मुंबईत ९ मे १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम चालत होत्या. त्यांच्या जागी विजेच्या आणायचे ठरले. रुळांतून आणि जमिनीतून वाहणाऱ्या विजेच्या प्रवाहाने भोवती चुंबकीय क्षेत्र उठते, आणि पृथ्वीच्या सूक्ष्म हालचाली टिपणाऱ्या यंत्राला ते बाजारातल्या कोलाहलासारखे असते. वेधशाळेचे प्रमुख तेव्हा नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस होते. या पदावर आलेले पहिले भारतीय. त्यांच्यापुढे तीन वाटा होत्या. ट्राम अडवावी, तर शहर ऐकणार नव्हते. यंत्र बोथट करावे, तर ते यंत्रच राहणार नव्हते. तिसरी वाट, यंत्राला सोसेल अशी जागा शोधावी. त्यांनी ती धरली.

मुंबईपासून सुमारे तीस किलोमीटरवर, खाडीपलीकडे, अलिबागचा किनारा निवडला गेला. विजेची गाडी तेथे येण्याची धास्ती नव्हती. प्रवासी रेल्वे तर अलिबागेस आजतागायत पोचलेली नाही. इमारतीसाठी चुंबकाला न छेडणारा पोरबंदरचा दगड आणला. लोखंड वर्ज्य करून पितळ आणि तांबे वापरले. आतले तापमान फारसे हलू नये अशी बांधणी केली. १९०४ साली अलिबागेत वेध सुरू झाले, पण कुलाब्याचे लगेच थांबवले नाहीत. दोन वर्षे, १९०६ पर्यंत, दोन्हीकडे बरोबरीने नोंदी घेतल्या; दोन्ही जुळवून पाहिल्या, आणि मगच कुलाब्याचे चुंबकीय काम बंद केले. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम धावली, तेव्हा यंत्र सुखरूप पैलतीरी होते. गंमत अशी की ३१ मार्च १९६४ रोजी मुंबईने ट्राम कायमची बंद केली. अलिबागची नोंद मात्र आजही चालू आहे. १८४६ पासूनची ही मालिका जगातल्या दीर्घ मालिकांत गणली जाते.

हे मी सुनेला सांगितले, तेव्हा ती जरा तीक्ष्णपणेच म्हणाली, "बाबा, तो काही यंत्र नाही." तिचे खरे होते. यंत्राला आई नसते आणि यंत्राला कंटाळाही येत नाही. पण मला जे घ्यायचे होते ते यंत्राकडून नव्हे, मूसांकडून. त्यांनी आधी एकच प्रश्न विचारला : याला नेमके काय सोसत नाही? सगळ्यांत सुंदर किनारा कोणता, हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हताच. आम्ही मे महिन्यात नेमके उलट केले होते.

मग आम्ही यादी केली. नातवाला अचानक येणारा आवाज सोसत नाही, सलग आवाज सोसतो. पंख्याची घरघर त्याला आवडते. ओली वाळू पायाला चिकटलेली सोसत नाही. अनोळखी तेलाचा वास सोसत नाही. उजेड डोळ्यांवर आलेला चालत नाही. दुसऱ्या घरच्या मुलाची यादी याच्या अगदी उलटी निघेल. एखाद्याला वाळूत लोळल्याशिवाय चैन पडणार नाही आणि लाटांचा आवाजच नकोसा होईल. म्हणून 'अशा मुलांसाठी उत्तम किनारा' अशी पाटी कोणी लावली तर तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. यादी आधी, किनारा मागाहून.

वेळेसाठी पंचांग काढले. कोकणातले कोळी भरतीचा हिशेब तिथीवरून करतात : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी ओहोटी. ते भांगाचे दिवस. पाणी फार चढत नाही, फार उतरत नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण. भरती दुपारी आणि मध्यरात्री मोठ्या गर्जनेने येते, पण सकाळी सहा-सातच्या दरम्यान समुद्र पार दूर गेलेला असतो आणि त्याची गाज सलग, लांबून, पंख्यासारखी ऐकू येते. आम्हाला हवी होती ती हीच वेळ. पावसाळा वर्ज्य, कारण तेव्हा समुद्र धोक्याचा. शनिवार-रविवार वर्ज्य, आणि दिवाळी-नाताळच्या सुट्ट्याही. उरले ते पौषातले कामाचे दिवस. मुलाने दोन-तीन रजा नोंदवल्या. शाळेची चार दिवसांची बुडती सुनेने पत्करली.

ठिकाण म्हणून किहीमची बाजू ठरवली. येथेही इतिहास आडवा आलाच. १९३० साली पक्षीशास्त्रज्ञ सालिम अली नोकरी सुटल्यावर किहीमला येऊन राहिले, आणि तेथे त्यांनी सुगरण पक्ष्याच्या संसाराचा जो बारकाईने अभ्यास केला त्याने त्यांचे नाव झाले. पक्ष्याला न बिचकवता पाहायचे तर आधी पाहणाऱ्याने गप्प बसायला शिकावे लागते. असा माणूस जेथे महिनोन्‌महिने बसू शकला, ती जागा आमच्या नातवाला चालेल, असा माझा भाबडा तर्क. अर्थात १९३० चे किहीम आज नाही. म्हणून मी आधी एकटा जाऊन आलो. एका वाडीतली दोन खोल्यांची जागा पाहिली. पंप केव्हा चालतो, कुत्री किती, शेजारी बांधकाम आहे का, जवळपास लग्न आहे का, हे सगळे मालकीणबाईंना विचारले. त्या प्रथम हसल्या, कारण सांगितले तेव्हा म्हणाल्या, "भाऊ, पंप मी तुम्ही फिरायला गेलात की लावीन." दुसऱ्या काही सोयीपेक्षा हे एक वाक्य मला मोलाचे वाटले.

निघालो चतुर्दशीला, कारण अमावास्येला घराबाहेर पाऊल टाकायला आमच्या सौभाग्यवतींची हरकत होती. पहाटे चारला गाडी निघाली. पनवेल, पेण आणि वडखळचा नाका उजाडायच्या आत मागे टाकायचा, हा बेत. पांघरूण घरचे, उशी घरची, पोळीचे तेलसुद्धा घरचे. हेच आमचे तांबे-पितळ आणि पोरबंदरचा दगड. पहिले दोन दिवस नातू खोलीतून अंगणापर्यंतच आला. माझी चुळबूळ सुरू झाली, तेव्हा सूनच म्हणाली, "बाबा, तुमच्या साहेबांनी दोन वर्षं दोन्हीकडे नोंदी घेतल्या ना? मग दोन दिवसांनी काय घाई?"

तिसऱ्या दिवशी प्रतिपदा. साडेसहाला ओहोटी. पायांत मोजे आणि रबरी बूट घालून नातू सुरूंच्या रांगेपर्यंत आला आणि थांबला. समुद्र फर्लांगभर आत गेला होता. पंधरा मिनिटे आम्ही पाचही माणसे उभी होतो. कोणी 'चल' म्हणाले नाही. मग तो कोरड्या वाळूवरून चालू लागला. पाण्यापर्यंत गेला नाही. मध्येच बसला, एक शिंपला उचलून कानाला लावला, काढला, पुन्हा लावला. आवाज हवा तेव्हा आणायचा आणि नको तेव्हा काढायचा, ही सत्ता बहुधा त्याला प्रथमच मिळाली असावी. सून त्याच्यापासून दहा हातांवर बसली होती. तिच्याकडे पाहायला आणि तिला सल्ला द्यायला किनाऱ्यावर कोणीही नव्हते. तिने डोक्यावरचा पदर काढून केस मोकळे सोडले. मी दुसरीकडे पाहिले.

यात चमत्कार काही नाही. चौथ्या दिवशी कोठून तरी मोटारसायकल वाळूवर आली आणि आम्हाला परतावे लागले. घरी आल्यावर कुकरची शिट्टी त्याला पूर्वीइतकीच पोळते. पण सून आता 'कुठेच यायचं नाही' म्हणत नाही. ती पंचांग उघडून पुढच्या तिथ्या पाहते.

शांत किनारा मुलांसाठी राबवल्याचे एक उदाहरण आमच्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीच्या किनारी ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना तेथेच मिळाल्या. १९५७ साली केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाई माँटेसरींच्या पद्धतीतल्या, आणि त्या पद्धतीत शांततेचा एक खेळ आहे : सगळी मुले निश्चल बसतात आणि बाई दुरून एकेकाला कुजबुजत हाक मारतात. शांतता ही शिक्षा न होता तिचा खेळ होतो. माँटेसरींचे काम सुरू झाले होते तेच मुळी मंद म्हणून बाजूला टाकलेल्या मुलांपासून, हे विसरू नये.

राहता राहिला एक प्रश्न. मूसांना वेधशाळा उचलून नेता आली. आम्हाला बदलापूर सोडता येत नाही. मुलाची नोकरी सात-चौदाच्या लोकलला बांधलेली आहे. वर्षातले चार दिवस किहीमला आणि उरलेले सारे येथे. तेव्हा सगळा भार जागा बदलण्यावर टाकून चालणार नाही; ट्रामने काय करावे, हेही विचारले पाहिजे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. नियम भिंतीवर राहतात. शेजार दारात असतो. गेल्या दिवाळीत मी आमच्या इमारतीतल्या चौदा बिऱ्हाडांत एकेक करून गेलो. नियम सांगितला नाही, यादी सांगितली. फटाके बंद करा म्हटले नाही. केव्हा वाजवणार तेवढे आधी कळवा म्हटले. तेरा घरांनी संध्याकाळची सात ते आठ ही वेळ ठरवली. चौदाव्याने हसून दार लावले.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पावणेसातला तळमजल्यावरचा एक दहा वर्षांचा मुलगा वर आला आणि दारातूनच कुजबुजत्या आवाजात म्हणाला, "आजोबा, पंधरा मिनिटांनी लावतोय हं." नातवाने कानांवर जाड कर्णपट्टी चढवली, किहीमचा शिंपला हातात घेतला आणि स्वतःहून खिडकीच्या काचेशी जाऊन बसला. आठ वाजून गेल्यावर चौदाव्या घराच्या गच्चीत एक सुतळी बॉम्ब उडाला आणि तो पुन्हा कपाटाआड गेला. पण तोवर त्याने जवळजवळ तासभर आकाशातला उजेड पाहिला होता. यंदा त्या चौदाव्या दाराशी मी पुन्हा जाणार आहे.